स्वभावाला औषध नाही, हे कितपत खरे?

आपल्या बाजारपेठेत दिवसातून दहा वेळा कानावर पडणारे एक वाक्य आहे. कारागीर उशिरा आला, भागीदार रागावून उठून गेला, मुलगा दुकानात बसायला तयार नाही, नोकराने गिऱ्हाईकाला उलट उत्तर दिले, की कोणीतरी लगेच म्हणतो, "जाऊ द्या सेठ, स्वभावाला औषध नाही." एवढे म्हटले की विषय संपतो. कारागिराला काढून टाकले जाते, भागीदारी मोडते, मुलाच्या नावाने बोटे मोडली जातात. उशीर का झाला, राग का आला, याची चौकशी करण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

आमचे म्हणणे असे की, या म्हणीने आपल्या कारोबाराचे थोडेथोडके नुकसान केलेले नाही. स्वभाव म्हणून काही असतोच, हे आम्हाला मान्य आहे. पण आपण तो चुकीच्या पद्धतीने ओळखतो आणि एकदा ओळखला की कायमचा शिक्का मारतो. व्यक्तिमत्त्वाचे मानसशास्त्र या शास्त्रात गेल्या शंभर वर्षांत जे काम झाले आहे, त्याचा आपल्या रोजच्या व्यवहाराशी फार जवळचा संबंध आहे. म्हणून आज हा विषय व्यापाराच्या पानावर घेत आहोत.

स्वभाव म्हणजे खाना नव्हे, माप

माणसांचे स्वभाव ओळखण्याची ओढ नवी नाही. आपल्याकडे युनानी हकीम मिजाज पाहत. दमवी, बलगमी, सफरावी आणि सौदावी हे चार मिजाज आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असत. हा विचार ग्रीकांकडून आला आणि इब्न सीना (९८०-१०३७) यांच्या 'अल-कानून'मध्ये तो सविस्तर मांडला गेला. शरीरातील चार द्रव्यांवरून स्वभाव ठरतो, हे आजचे शास्त्र मानत नाही. पण मिजाज म्हणजे गरमी-सर्दी, ओलावा-कोरडेपणा यांचे कमी-अधिक मिश्रण, ही त्यातील दृष्टी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण आजचे शास्त्रही स्वभावाकडे कमी-अधिक प्रमाणाचा मामला म्हणूनच पाहते.

१९३६ साली अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट या दोघांनी इंग्रजीचा मोठा शब्दकोश चाळून माणसाच्या वागण्या-स्वभावाचे वर्णन करणारे शब्द वेचून काढले. ते जवळजवळ १८,००० भरले. पुढच्या संशोधकांनी ही गर्दी कमी करत करत पाच मोठ्या मापांपर्यंत आणली. पहिले माप नव्या गोष्टींची ओढ. दुसरे कामातील काटेकोरपणा व जबाबदारीची जाणीव. तिसरे बहिर्मुखता, म्हणजे चार माणसांत मोकळेपणाने मिसळण्याची हौस. चौथे इतरांशी मिळतेजुळते घेण्याची वृत्ती. आणि पाचवे चिंता व चिडचिड यांचे प्रमाण.

ही पाच मापे म्हणजे पाच प्रकारची माणसे नव्हेत. प्रत्येक माणसात पाचही गोष्टी असतात, कोणाच्या किती एवढाच फरक. दुकानातल्या सर्व गजांची लांबी सारखी असली तरी प्रत्येक कापड वेगळे मोजले जाते, तसेच हे. बहुतेक माणसे मध्याच्या आसपास असतात, अगदी टोकाची थोडीच. म्हणून "तो बोलका, हा घुमा" अशी दोन गटांत वाटणी केली की आपण बहुतेक माणसांच्या बाबतीत चुकतो.

कोणत्या कामाला कोणता माणूस

आता व्यवहाराकडे येऊ. १९९१ साली मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी ११७ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. त्यात जवळपास २४,००० माणसांची माहिती होती. डॉक्टर-वकिलांसारखे व्यावसायिक, पोलीस, व्यवस्थापक, विक्रेते आणि कारागीर-कामगार अशा पाचही गटांत एकच गुण सातत्याने कामाला उपयोगी पडताना दिसला, तो म्हणजे काटेकोरपणा. दिलेला शब्द पाळणे, वस्तू जागच्या जागी ठेवणे, हाती घेतलेले काम पुरे करणे. बोलकेपणाचा उपयोग मुख्यतः विक्री आणि देखरेखीच्या कामात दिसला. काटेकोरपणाचा हा परिणामही मध्यमच आहे, त्यावरून एखाद्याचे भविष्य वर्तवता येत नाही. तरीही नोकर ठेवताना आपण काय पाहतो, हे आठवून पाहावे. चुणचुणीत बोलतो, हसतमुख आहे, गिऱ्हाईक वळवील, एवढेच आपण पाहतो. हिशेबाची चिठ्ठी तो जपून ठेवतो की नाही, हे महिन्याभराने कळते.

विक्रीच्या बाबतीतही बोलघेवडाच जिंकतो असे नाही. २०१३ साली ॲडम ग्रँट यांनी फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० जणांची तीन महिन्यांची कमाई तपासली. सर्वांत जास्त विक्री फार बोलक्यांची नव्हती आणि फार अबोलांचीही नव्हती, मधल्यांची होती. आपल्या दुकानदारांना याचे आश्चर्य वाटू नये. कापडाच्या दुकानात बाई ठाण उलगडून पाहत असताना जो विक्रेता सतत बोलतच राहतो, त्याचे गिऱ्हाईक उठून जाते. बोलायचे कधी आणि ऐकायचे कधी, हे ज्याला कळते त्याचा माल जातो.

अबोल माणसाची आपल्याकडे फार उपेक्षा होते. मिरजेत सतारमेकर मंडळींकडे जाऊन पाहा. पंढरपूर भागातून आलेल्या भोपळ्यापासून सतार तयार होते, पण तिचा आवाज खुलतो तो जवारीवर. घोडीचा पृष्ठभाग कानसेने किंचित घासायचा, तार छेडून ऐकायचे, पुन्हा घासायचे. तासन् तास एका जागी बसून कान देण्याचे हे काम आहे. ज्याला दर दहा मिनिटांनी कोणाशी तरी बोलावेसे वाटते त्याला ते जमणार नाही. अशा कामासाठी शांत माणूस सोन्याच्या मोलाचा असतो. त्याच माणसाला गल्ल्यावर बसवले तर लोक म्हणतील, हा तुसडा आहे.

एका प्रसंगावरून पारख

पण आमच्या मते खरी अडचण पुढेच आहे. माणसाला आपण पाहतो तो एका जागी, एका परिस्थितीत. आणि तेथे तो जसा वागला तसाच त्याचा स्वभाव, असे ठरवून मोकळे होतो.

आमच्या परिचयातील एका यंत्रमाग कारखानदारांकडे घडलेली हकीकत आहे. त्यांच्याकडील एका मागवाल्याचे कापड दर आठवड्याला मीटरने कमी भरायचे, शिवाय खराबीही जास्त. सेठ म्हणत, "हा मुळातच निष्काळजी आहे, लक्षच नसते कामात." आम्हीही त्यांच्या हो ला हो मिळवली होती. मजुरी मीटरवर, त्यामुळे त्या कारागिराच्या हातात पैसेही कमी पडत. शेवटी एप्रिल महिन्यात बाचाबाची होऊन त्याने काम सोडले. त्याच्या जागी दुसरा आला, नावाजलेला आणि मेहनती. तीन आठवड्यांत त्याचेही कापड कमी भरू लागले. तेव्हा कोठे सेठचे लक्ष गेले. ते माग पश्चिमेच्या भिंतीला, तापलेल्या पत्र्याखाली, दरवाजाच्या तोंडाशी होते. गरम कोरड्या हवेने सूत कोरडे पडून धागा सारखा तुटत होता. शिवाय त्या मागांवर चढवलेल्या बीमचे सूतही हलके होते. धागा जोडण्यातच माणसाचा अर्धा वेळ जात होता. सेठ प्रामाणिक माणूस, जुन्या कारागिराला परत बोलवायला स्वतः गेले. पण तो दुसऱ्या कारखान्यात लागला होता आणि तेथे त्याचे काम चोख होते. त्याच्यावर बसलेला 'निष्काळजी' हा शिक्का आमच्याही हातचा होता, याची बोचणी आम्हाला आजही आहे.

मानसशास्त्रात या चुकीला नाव आहे, तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्याचे वागणे आपण त्याच्या स्वभावातून आले असे मानतो, स्वतःचे मात्र परिस्थितीमुळे. नोकर उशिरा आला तर तो आळशी, आपण उशिरा आलो तर रस्त्यात गर्दी होती.

परिस्थितीचा जोर किती असतो, याचा एक बोलका प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे ख्रिस्ती धर्मगुरू होण्याचे शिक्षण घेणाऱ्या तरुणांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवले. वाटेत एक माणूस विव्हळत पडलेला होता, तो मुद्दाम बसवलेला. ज्यांना भरपूर वेळ आहे असे सांगितले होते त्यांच्यापैकी ६३ टक्क्यांनी थांबून विचारपूस केली. ज्यांना 'तुम्हाला उशीर झाला आहे' असे सांगितले होते त्यांच्यापैकी फक्त १० टक्क्यांनी. माणूस किती धार्मिक, कोणत्या वृत्तीचा, यावरून तो थांबेल की नाही हे सांगता येत नव्हते. घाई किती, यावरून येत होते. ईदच्या आदल्या रात्री आपल्या दुकानात जो नोकर गिऱ्हाईकावर खेकसतो, तो रमजानच्या आधी कसा वागत होता, याचा विचार करण्यास हरकत नाही.

१९६८ साली वॉल्टर मिशेल यांनी तर असे दाखवून दिले की, स्वभावाच्या चाचणीवरून एखाद्या विशिष्ट प्रसंगातील वागण्याचा अंदाज फारच थोडा बांधता येतो. त्यावर बराच वाद माजला. १९७९ साली सेमूर एपस्टाइन यांनी त्यावर एक मार्ग दाखवला. एका दिवसाच्या वागण्यावरून दुसऱ्या दिवसाचे सांगता येत नाही हे खरे, पण बऱ्याच दिवसांच्या नोंदींची सरासरी काढली की माणसाचा स्वभाव चांगलाच स्थिर दिसतो. म्हणजे स्वभाव आहे, फक्त तो एका प्रसंगात दिसत नाही. तो दिसायला वेळ आणि निरनिराळे प्रसंग लागतात.

हे वाचताना आम्हाला हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दल सांगितली जाणारी हकीकत आठवली. एकाने दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी विचारले की तू त्याच्या शेजारी राहिलास का, त्याच्याबरोबर प्रवास केलास का, त्याच्याशी पैशाचा व्यवहार केलास का. तिन्हींचे उत्तर नाही असे आले, तेव्हा ते म्हणाले की मग तू त्याला ओळखत नाहीस. शेजार, प्रवास आणि पैसा या तीन वेगवेगळ्या परिस्थिती आहेत. नुसते मशिदीत नमाज पढताना पाहून झालेली ओळख तेथे पुरेशी मानली गेली नाही. भागीदारी करण्यापूर्वी आपल्यापैकी किती जण ही तिन्ही विचारणा करतात?

स्वभाव सांगणारे दुकान

आजकाल मोबाईलवर पाच मिनिटांत स्वभाव सांगणाऱ्या चाचण्या आल्या आहेत. शहरातील हॉटेलांत एक दिवसाची शिबिरे भरतात, हजारो रुपये फी घेऊन व्यापाऱ्याला तो कोणत्या प्रकारचा मालक आहे हे सांगितले जाते. ऐकणाऱ्याला वाटते, किती तंतोतंत सांगितले!

या तंतोतंतपणाचे रहस्य १९४९ सालीच उघड झाले आहे. बर्ट्रम फोरर या प्राध्यापकांनी आपल्या वर्गातील ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचा 'निकाल' दिला. तो किती बरोबर आहे यासाठी ५ पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४ च्या वर गेली. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिलेला होता, आणि तो राशिभविष्याच्या पुस्तकातून जुळवलेला होता! तुम्हाला लोकांनी मान द्यावा असे वाटते, कधी कधी तुम्हाला आपल्या निर्णयाबद्दल शंका येते, अशी वाक्ये कोणालाही लागू पडतात. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी विचारावे की, ही गोष्ट माझ्या शेजारच्या दुकानदारालाही लागू पडत नाही काय?

औषध नसेल, वळण आहे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्वभाव बदलतो काय?

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते की, माणसामाणसांतील स्वभावाच्या फरकाचा साधारण ४० ते ५० टक्के भाग आनुवंशिक असतो. म्हणी उगाच पडत नाहीत. पण उरलेला भाग मोठा आहे. २००६ साली ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या ९२ नमुन्यांची माहिती एकत्र केली. वय वाढते तसा सरासरीने काटेकोरपणा वाढतो, मनाची स्थिरता वाढते, आणि विशेषतः २० ते ४० या वयात हा फरक ठळक दिसतो. म्हणजे अठरा वर्षांच्या शागीर्दाला पाहून "हा जन्मात सुधारणार नाही" असे म्हणणारा उस्ताद घाई करतो आहे. जबाबदारी अंगावर पडली की बरेच जण जबाबदार होतात. मात्र ती पडू द्यावी लागते. चाळीस वर्षांच्या मुलाच्या हातीही गल्ल्याची किल्ली न देणारे वडील आपल्याकडे कमी नाहीत.

व्यापाऱ्यांना सर्वांत जवळचा वाटेल असा प्रयोग पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशात झाला. राजधानी लोमे येथील १,५०० छोटे दुकानदार व कारागीर निवडले गेले, त्यांत निम्म्याच्या आसपास स्त्रिया होत्या. त्यांचे तीन गट पाडले. एका गटाला हिशेब, विक्री, भांडवल यांचे नेहमीचे व्यापारी शिक्षण दिले. दुसऱ्याला मानसशास्त्रावर आधारलेले, स्वतः पुढाकार घेण्याचे शिक्षण दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. वर्ग चार आठवड्यांचे, आणि पुढे चार महिने दरमहा एकदा प्रशिक्षकाची दुकानावर भेट. दोन वर्षांहून अधिक काळ त्यांच्या नफ्याची पाहणी झाली. २०१७ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांत पुढाकाराचे शिक्षण घेतलेल्यांचा नफा सरासरी ३० टक्क्यांनी वाढलेला आढळला. नेहमीच्या व्यापारी शिक्षणाची वाढ ११ टक्के, आणि तीही ठामपणे सिद्ध झाली असे म्हणण्याइतकी पक्की नव्हती.

पुढाकाराच्या त्या शिक्षणात काय होते? तीनच गोष्टी. कोणी सांगण्याची वाट न पाहता सुरुवात करणे आणि शेजाऱ्याची नक्कल न करणे. उद्याची संधी आणि उद्याची अडचण आजच ओळखणे. अडथळा आला तरी न सोडणे. आपल्या मोहल्ल्यांकडे पाहावे. एकाने मोबाईल दुरुस्तीचे दुकान काढले की त्याच गल्लीत सहा महिन्यांत आणखी पाच निघतात, आणि मग सहाही जण मंदीच्या नावाने रडतात. ही वृत्ती आमच्या रक्तातच आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला आम्ही लोमेच्या त्या दुकानदारांकडे बोट दाखवू.

काय करावे

पहिली गोष्ट, मालकाने आपला स्वभाव आधी पाहावा. आणि तो स्वतःला न विचारता घरच्यांना, जुन्या नोकराला, रोजच्या पुरवठादाराला विचारावा. ज्याला लवकर राग येतो त्याने उधारी वसुलीचे काम दुसऱ्याकडे द्यावे. ज्याला कोणाला नाही म्हणता येत नाही त्याने उधारी देण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवू नये.

दुसरी, कारागिराला नाव ठेवण्यापूर्वी त्याची जागा बदलून पाहावी. तेच हत्यार, तेच सूत, तीच वेळ दुसऱ्याला देऊन पाहावी. दुसराही तेथेच अडखळला तर दोष माणसात नाही.

तिसरी, नव्या माणसाला महिनाभर निरनिराळ्या कामांवर पाहावे. गर्दीत, निवांत वेळी, पैसे हाताळताना आणि चूक झाल्यावर. चूक झाल्यावर तो काय करतो, हे आमच्या अनुभवाने सर्वांत जास्त सांगून जाते.

चौथी, भागीदारीत सर्व भार स्वभावावर टाकू नये. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला कुरआननेच दिली आहे. सख्ख्या भावांनीही कोण माल आणणार, कोण हिशेब ठेवणार, कोणाला किती उचल घेता येईल, हे लिहून ठेवावे. वही स्पष्ट असली की गरम मिजाजाचा भाऊ आणि नरम मिजाजाचा भाऊ एका पेढीवर बसू शकतात.

पाचवी आणि शेवटची, मुलांच्या बाबतीत. जो मुलगा गिऱ्हाईकासमोर अवघडतो तो कदाचित मालाची पारख उत्तम करील, किंवा हिशेब. जी मुलगी घरात बसून शिवणकामाचे नवे नमुने काढते तिच्यात नव्याची ओढ आहे; तिला बाजारभाव सांगा, ती पुढचे शिकेल. "अब्बा, मला हे जमत नाही" असे मूल म्हणते तेव्हा ते कामाबद्दल बोलत असते, धंद्याबद्दलच बोलते असे नाही.

ज्या कारागिराची हकीकत वर सांगितली, त्याला आम्ही नंतर एकदा भेटलो. तो तक्रार करीत नव्हता. एवढेच म्हणाला, "सेठने एकदा माझ्या मागाशेजारी दुपारभर उभे राहायला हवे होते." आमच्या वाचक बांधवांना आमची विनंती तेवढीच आहे. कोणाच्याही स्वभावाला नाव ठेवण्याआधी एक दुपार त्याच्या मागाशेजारी उभे राहून पाहावे.